तिसरं उड्डाण

फेब्रुवारी. टेबलाच्या लाकडाला कोपर चिकटतंय
आणि डेन्मार्कहून थोरकिल्ड विचारतायत,
मे महिन्यात तुमच्याकडे थंडी कितपत?
मी भाच्याला सांगते, लिही :
पहाटे कुंपणाच्या तारेवर दव गोठतं,
नऊला स्वेटर काढावा लागतो.
भाच्याचं नाव वॉशिंग्टन. त्याला पाहुण्यांची भाषा येते,
मला फक्त त्यांची चाल वाचता येते.

लिही : बंदुकीचा नंबर दोनदा तपासून पाठवा.
मागच्या साली सातचा एक झाला
आणि एक पाहुणा मोंतेविदेओच्या विमानतळावर दीड दिवस.
इथं कुत्र्या फाटकाशी कान टवकारून, दीड दिवस.
काडतुसं आणू नका, दुरास्नोत मिळतात.
रबरी बूट मी देईन, माप कळवा.
चालणं रोज बारा किलोमीटर.
जमीन सपाट दिसते. सपाट नाही.
बाई शिकार करत नसतील तर त्यांना घोडा आहे,
म्हातारा आहे, पण ऐकून घेतो.

शेतं दोन.
परवापर्यंत तीन होती. तिसऱ्यात आता सोयाबीन,
बांधापासून बांधापर्यंत,
पक्ष्याला मान खाली घालायला गवताचं पातं नाही.
दुसरं शेत एल्बिओचं, आणि ते मी अजून मागितलेलं नाही.
ते फोनवर मागायचं नसतं.
एक अख्खा रविवार लागतो, येर्बाचा कडू काढा,
त्याच्या गुडघ्याची साग्रसंगीत हकिकत,
आणि निघताना, फाटकाची कडी लावता लावता :
मे महिन्यात येऊ ना रे?
हे लिहू नकोस.

मग वॉशिंग्टन अडखळतो.
आत्या, ते विचारतायत, खात्री किती पक्ष्यांची?
इतरांच्या माहितीपत्रकात आकडा असतो, जाड ठशात.

सरकारनं घातलेली मर्यादा लिही.
खाली लिही, पेर्दिस म्हणजे तुमच्याकडचं तितर नव्हे.
दिसते तशी, पण नात्यानं शहामृगाकडची.
अंडी नर उबवतो.
अंगाच्या मानानं काळीज एवढंसं,
त्यामुळे उडते ती गवत फाडत, शिट्टी मारत,
आणि लगेच दम संपतो.
पहिलं उड्डाण लांब.
दुसरं त्याच्या निम्मं.
तिसऱ्यानंतर ती बसते ती बसतेच.
ब्रूखा समोर पाय उचलून उभी राहते, नाक वितभर अंतरावर,
तरी नाही.

मी अकरा वर्षांची होते तेव्हा बाबांनी
एका पाहुण्याची नळी बोटानं खाली केली होती.
तिसरं झालं, म्हणाले.
मग गवतात हात घालून तिला उचललं
आणि माझ्या ओंजळीत दिलं.
काळीज धडधडत नव्हतं. घरघरत होतं,
शेजारच्या खोलीत कुणी शिवणयंत्र चालवावं तसं.
वाऱ्याच्या उलट बाजूला ठेव, म्हणाले, कुत्रीला वास जायला नको.
पाहुण्यानं अर्धेच पैसे दिले.
त्या हिवाळ्यात आम्ही भोपळा खूप खाल्ला.

आत्या, हे नियमांत टाकू की सूचनांत?

किमतीच्या खाली टाक.

त्यानं लिहिलं. त्यांच्या भाषेत ते दीड ओळीत मावलं.
भोपळा आला नाही त्यात, ओंजळही नाही.
मी म्हटलं, असू दे, धाड.

नऊ दिवस उत्तर नाही.
मी एल्बिओकडे जाऊन आले, दुसऱ्या गुडघ्याचंही ऐकून आले.
दहाव्या दिवशी : आगाऊ रक्कम भरली आहे.
आणि एक शंका.
आधीची दोन उड्डाणं आम्ही पाहिली नसतील,
ती दुसऱ्या कुठल्या भीतीनं उडून गेलेली असेल,
तर हे तिसरं आहे हे ओळखायचं कसं?

वॉशिंग्टन माझ्याकडे बघतो.
बाहेर ब्रूखा सावली सरकेल तशी सरकतेय.

लिही : मोजायचं काम माझं.
पैसे त्याचेच घेते.
आणि लिही,
बुटांचं माप अजून आलेलं नाही.